मॉड्युलर हेडफोन आणि दुरुस्त होणारे हेडफोन: दिसायला सारखे, वागायला वेगळे

मागच्या पावसाळ्यात आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या हेडफोनच्या गाद्या सोलायला लागल्या. रेक्झिनचे काळे कण वाचणाऱ्या बाईंच्या गालावर, कानामागे, संहितेच्या कागदावर, सगळीकडे. मी बाजारात मापाला बसतील अशा मिळाल्या त्या नव्या गाद्या आणून लावल्या आणि अर्धवट राहिलेलं ऑडिओबुक पुढे संपादित करायला बसले. आवाज तोच, माइक तोच, पण ऐकू येत होता तो एकदम पातळ. म्हणून इक्वलायझरवर खालचे स्वर वाढवले आणि तीन प्रकरणं तशीच पुढे पाठवली. आठवड्याने ती स्पीकरवर ऐकली, तर बाई मडक्यात तोंड घालून वाचताहेत असं वाटत होतं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. बदलल्या होत्या फक्त गाद्या.

दुकानात किंवा जाहिरातीत ‘मॉड्युलर’ आणि ‘सुटे भाग मिळतात’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. दोन्ही हेडफोन हातात घेतले तर स्क्रू न काढता भाग वेगळे होतात, त्यामुळे घेणाऱ्यालाही फरक कळत नाही. फरक हेतूत आहे. दुरुस्त होणाऱ्या हेडफोनचा भाग आपण बदलतो तो आधीचाच आवाज परत मिळावा म्हणून. मॉड्युलर हेडफोनचा भाग बदलतो तो वेगळा आवाज किंवा वेगळा आराम मिळावा म्हणून. एकात बदल म्हणजे डागडुजी, दुसऱ्यात बदल म्हणजे निवड.

दुरुस्त होणाऱ्यांचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे सेनहायझरचा एचडी २५. हा १९८८पासून बाजारात आहे. वजन वायर सोडून जेमतेम १४० ग्रॅम. वायर, गाद्या, कानाकडचे ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर), डोक्यावरचा दुपदरी पट्टा, सगळं सुटं होतं आणि सगळं वेगळं विकत मिळतं. पण सुटे भाग मागवले की मिळतो तो एचडी २५च, तीस वर्षांपूर्वीच्या माणसाला ओळखू येईल असा. याच्या उलट टोकाला सोनीचा एमडीआर-७५०६. तो १९९१चा आणि जगभरच्या स्टुडिओंत आजही दिसतो, पण त्याची गुंडाळीची वायर कायमची जोडलेली असते. गाद्या सहज बदलता येतात, वायर तुटली तर मात्र सोल्डर करून जोडावी लागते.

मॉड्युलर या शब्दाला खरा उतरणारा हेडफोन म्हणजे कोपनहेगनच्या एआयएआयएआय कंपनीचा टीएमए-२. तो २०१५ साली आला तेव्हा चार प्रकारचे ड्रायव्हर, पाच गाद्या, तीन पट्टे आणि सहा वायरी, असे १८ भाग होते. त्यांच्या ३६० जोडण्या होतात. आकडा मोठा आहे, पण तो आवाजाचा आकडा नाही. वायर सरळ की गुंडाळीची याने आवाज बदलत नाही, फक्त टेबलावरचा पसारा बदलतो. आवाज ठरतो ड्रायव्हर आणि गादी यांच्या जोडीने. म्हणजे कानाला वेगळ्या वाटू शकतील अशा जोड्या चार गुणिले पाच, वीसच. पट्ट्याचा संबंध येतो तो आडून: तो किती जोराने दाबतो यावर गादी कानाभोवती किती घट्ट बसते ते ठरतं.

आणि सगळं इथेच येऊन थांबतं, गादीपाशी. लोक तिला उशी समजतात. पण बंद पाठीच्या, म्हणजे कपाची बाहेरची बाजू बंद असलेल्या, हेडफोनमध्ये गादी म्हणजे एका छोट्या खोलीच्या भिंती असतात. ड्रायव्हर, कान आणि गादी यांच्यामध्ये हवेचा एक कप्पा तयार होतो. तो नीट बंद असेल तरच खालचे स्वर टिकतात. चष्म्याच्या काडीएवढी फट पडली तरी आधी गळतो तो बेस. चामड्यासारखी गादी कप्पा घट्ट बंद करते, मखमली गादीतून हवा आरपार जाते, म्हणून तिच्यात खालचा भरणा कमी वाटतो. गादी जाड असली की ड्रायव्हर कानापासून दूर सरकतो, कप्पा मोठा होतो आणि वरच्या स्वरांची धारही इकडची तिकडे होते. माझ्या त्या तीन प्रकरणांचं नेमकं हेच झालं. दुरुस्त होणाऱ्या हेडफोनवर मी परक्या गाद्या चढवल्या आणि नकळत त्याचा मॉड्युलर करून टाकला.

यात आणखी एक मेख आहे. गादी वापरून वापरून चपटी होते, ड्रायव्हर कानाजवळ येतो, आवाज रोज केसभर सरकतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. मग कंपनीची अस्सल नवी गादी लावली तरी पहिले दोन दिवस ती ‘चुकीची’ वाटते. चुकलेला असतो तो आपला सवयीचा कान.

जोडण्या पारखायच्या असतील तर मी तंबोऱ्यापासून सुरू करते. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर वाजते आणि जोडाच्या तारा १३९च्या आसपास. गादी गळत असेल तर जोड ऐकू येतो, जव्हारीची झणझण तर छानच येते, पण खर्ज फक्त असल्याचा भास होतो. त्यानंतर डग्गा. मनगट सरकवून काढलेली मींड ऐका. खाली उतरता उतरता ती मध्येच हरवते की शेवटपर्यंत सोबत राहते ते पाहा. शेवटी कुणाचंही साधं वाचन, त्यातले ‘स’ आणि ‘श’. ‘संशय’, ‘सरस’ असे शब्द कानाला टोचले तर ती जोडी तासन् तास संपादनाला घेऊ नये, कितीही ‘स्पष्ट’ वाटली तरी.

पण एक अट आहे, आणि ती पाळली नाही तर सगळी परीक्षा वाया जाते. प्रत्येक जोडीचा आवाज आधी सारख्या पातळीवर आणा. ड्रायव्हर बदलला की तेवढ्याच व्हॉल्यूमला आवाज लहानमोठा येतो, आणि जो किंचित मोठा तो आपल्याला हमखास चांगला वाटतो. शिवाय भाग बदलायला दोन मिनिटं लागली तरी आधीचा आवाज मनातून पुसट होतो. म्हणून तुकडा छोटा घ्या, दहा-बारा सेकंदांचा, आणि ऐकलेलं लगेच कागदावर लिहा.

आरामाची परीक्षा दुकानात होतच नाही. पाच मिनिटांत सगळेच हेडफोन मऊ वाटतात. किमान पाऊण तास डोक्यावर ठेवा, आणि तोही पंखा बंद करून, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी आमच्याकडे पंखा आणि एसी दोन्ही बंद असतात. मुंबई-ठाण्याच्या दमटपणात चामड्यासारखी गादी वीस मिनिटांत घामाने चिकटते. मखमली कोरडी राहते, पण तिच्यातून आवाज बाहेर झिरपतो आणि गाणाऱ्याच्या माइकमध्ये लय दाखवणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक शिरते. कानावर टेकणाऱ्या छोट्या गाद्या हलक्या असतात, पण पाळी दाबतात. कुडी घातलेल्या बाईला त्या अर्ध्या तासात नकोशा होतात, बुगडी असेल तर विचारूच नका. आमच्याकडे वाचायला येणाऱ्या एक मावशी दर वेळी कुड्या काढून पेनाच्या टोपणात ठेवायच्या. कानाभोवती बसणारी मोठी गादी आणली तेव्हापासून त्या कुड्यांसकट वाचतात, आणि त्यांची दमछाकही कमी झाली आहे असं मला त्यांच्या वाचनात ऐकू येतं.

इथे मॉड्युलर हेडफोनची बाजू खरी भक्कम होते. एकच संच पाच जणांनी वापरायचा असेल तर ज्याची त्याची गादी वेगळी ठेवता येते. स्वच्छताही राहते, आणि चष्मेवाल्याला मऊ, ध्वनिमुद्रकाला घट्ट असं बघून लावता येतं. पण हाच सोयीचा भाग मिक्सिंगला, म्हणजे वेगवेगळे आवाज एकमेकांशी जुळवायला, बसल्यावर अडचणीचा होतो. मिक्स करणाऱ्याला न बदलणारी एक मोजपट्टी लागते. सकाळी एका गादीवर, दुपारी दुसऱ्या गादीवर केलेलं काम एकमेकांशी जुळत नाही. म्हणून एकट्याने, एकाच खुर्चीत बसून निर्णय घेणाऱ्याला मी दुरुस्त होणाराच घ्यायला सांगेन, आणि पहिल्याच दिवशी अस्सल गाद्यांचा एक जादा जोड घेऊन ठेवायला सांगेन. जिथे माणसं बदलतात, कामं बदलतात, तिथे मॉड्युलर.

आमच्याकडे आता दोन्ही आहेत. मॉड्युलरच्या प्रत्येक गादीच्या आतल्या कडेला कापडी चिकटपट्टीवर पेनाने खूण केली आहे: ‘वाचन’, ‘गाणं’, ‘चष्मा’. संपादनाच्या टेबलावरचा दुसरा हेडफोन कुणी उचलत नाही, आणि प्रकल्पाच्या वहीत पहिल्या ओळीवर, तारखेच्या शेजारी, त्या दिवशी कानावर कोणती गादी होती तेही लिहिलेलं असतं.