मुरवण्याजोगी फ्रेंच वाइन

फ्रान्समध्ये तयार होणाऱ्या वाइनपैकी फार थोडी तळघरात ठेवून मुरवण्याच्या लायकीची असते. बाकीची दोन-तीन वर्षांत पिऊन संपावी याच बेताने केलेली असते. ठेवली तर ती मुरत नाही, शिळी होते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी बोजोले नुव्हो हे याचे टोकाचे उदाहरण. मात्र त्याच बोजोलेतल्या मोर्गों आणि मुलाँ-आ-व्हाँ या भागांची वाइन चांगल्या वर्षी दहा वर्षेही सहज काढते. त्यामुळे नुसत्या प्रदेशाच्या नावावर निवड करता येत नाही.

लोणचे मीठ-तेलावर टिकते, तशी वाइन तुरटपणा, आंबटपणा आणि साखर यांवर टिकते. तुरटपणा, म्हणजे टॅनिन, द्राक्षाच्या साली-बियांतून आणि ओकच्या पिंपातून येतो. बोर्दो प्रदेशातल्या मेदोक भागाची ताजी लाल वाइन तोंडात घेतली की जांभळे खाल्ल्यासारखी जीभ आखडते. पुढे वर्षानुवर्षे हे टॅनिन एकमेकांना आणि रंगद्रव्यांना बिलगत जाते, काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो आणि वाइन मऊ लागू लागते. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला तर कडेचा जांभळा रंग विटकरी झालेला दिसतो. पांढऱ्या वाइनचे उलटे: ती वयाबरोबर गडद, सोनेरी होत जाते. अर्थात मुळात फळच पाणचट असेल तर तुरटपणा ओसरल्यावर मागे काही उरत नाही.

मुरवण्यासाठी सर्वाधिक घेतली जाते ती बोर्दोची लाल वाइन. जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावर, मेदोकच्या खडीच्या जमिनीत कॅबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षाची जात पिकते. तिची साल जाड, टॅनिन भरपूर. उजव्या तीरावरच्या पोमरोल-सँतेमिल्योंमध्ये मेर्लो या दुसऱ्या जातीचा भर असल्याने तिथली वाइन साधारणपणे लवकर पिण्याजोगी होते. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी मेदोकच्या शातोंची, म्हणजे वाइन करणाऱ्या घराण्यांची, पाच श्रेणींत वर्गवारी केली. ती त्या वेळच्या बाजारभावावर बेतलेली होती आणि आजही जवळजवळ तशीच आहे; 1973 मध्ये मूतों रोत्शील्द दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत गेली, हीच काय ती वरची बढती. लँश-बाज कागदावर पाचव्या श्रेणीत असली तरी दुसऱ्या श्रेणीतल्या काहींपेक्षा महाग विकली जाते. एवढ्या जुन्या यादीवर डोळे झाकून पैसे लावणे शहाणपणाचे नाही.

त्याहून मोलाचे असते बाटलीवरचे वर्ष. अटलांटिकवरून येणारा पाऊस ऐन तोडणीच्या तोंडावर गाठतो की चुकवतो, यावर पुष्कळ ठरते. 1961, 1982, 2005, 2010, 2016 ही बोर्दोची गाजलेली वर्षे. 2013 थंड, ओले आणि पडेल. उत्तम वर्षी लहान, बिननावाच्या शातोची वाइन घ्यावी, ती माफक दरात दहा-बारा वर्षे चालते. पडेल वर्षी मोठ्या घराण्याची घ्यावी, पण लवकर प्यायच्या तयारीने.

साखरेच्या बळावर टिकणाऱ्यांत बोर्दोचीच गोड पांढरी वाइन सोतेर्न अग्रेसर. सिरों नदीच्या सकाळच्या धुक्यामुळे द्राक्षांवर बोट्रायटिस बुरशी धरते, मणी सुकतात, रस घट्ट होतो. मजूर बागेत पुन्हा पुन्हा फिरून तेवढेच सुकलेले मणी तोडतात. सोतेर्नमधल्या शातो दिकेमने 1992 आणि 2012 साली पीक मनासारखे नाही म्हणून आपल्या नावाची गोड वाइन काढलीच नाही. चांगल्या वर्षाची दिकेम शंभरीही गाठते.

नाशिकमुळे आपल्या ओळखीची झालेली शेनिन ब्लाँ द्राक्षाची वाइन इथे ताजी पितात. ल्वार नदीकाठच्या व्हूव्हरेत त्याच द्राक्षाची गोड वाइन आंबटपणाच्या जोरावर पाच-सहा दशके काढते. पूर्व फ्रान्समधल्या ज्युराची व्हाँ जोन, म्हणजे ‘पिवळी वाइन’, सहा वर्षे तीन महिने पिंपात यीस्टच्या सायीखाली राहूनच 620 मिलीच्या बाटलीत येते; तिला पुढे फारसे भय नसते. ऱ्होन नदीकाठी एर्मिताजची सिरा, म्हणजे आपली शिराझ, वीस वर्षे सहज टिकते. बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनबाबत मात्र हात आखडता घ्यावा: 1990 च्या दशकाच्या मध्यापासूनच्या कित्येक महागड्या बाटल्या अकालीच तपकिरी, निर्जीव निघाल्या.

निवड कितीही चोख असली तरी जागा हवी: अंधारी, दमट, 10 ते 14 अंशांची आणि मुख्य म्हणजे वर्षभर त्याच तापमानाची. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवतात. नागपूरच्या मे महिन्यात कपाटात ठेवलेल्या बोर्दोचे काय होते ते वेगळे सांगायला नको. तळघर नसेल तर वाइनचा फ्रिज घ्यावा. जुनी बाटली विकत घेताना आतली पातळी बघावी. वाइन खांद्याच्याही खाली गेली असेल किंवा बुचाशी चिकट ओघळ असेल, तर नाव कितीही मोठे असो, सोडून द्यावी.

एकच दुर्मीळ बाटली जपण्यापेक्षा एकाच वाइनच्या बारा घेऊन दर दोन वर्षांनी एक उघडणे बरे; वाइन कुठवर आली ते त्यातूनच कळते. उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करावी, म्हणजे गाळ खाली बसतो. ओतताना मानेमागे मेणबत्ती धरतात आणि गाळाची पहिली रेघ मानेत दिसली की हात थांबवतात. फार म्हातारी वाइन मात्र हवा लागल्यावर अर्ध्या तासातही मावळू शकते, म्हणून पाहुणे बसल्यावरच ती उघडावी.