फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल : एका ‘इन’ने घातलेला घोळ

फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं आणि इन्फ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारं, असं इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्यालाही वाटू शकतं. प्रत्यक्षात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे: चटकन पेट घेणारं, ज्वालाग्राही. हा गैरसमज परीक्षेतल्या एका गुणापुरता असता, तर त्यावर लिहायची गरज नव्हती. पण डब्यावरचा शब्द वाचूनच माणूस तो डबा आगीपासून किती लांब ठेवायचा हे ठरवतो.

घोळाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे ‘इन’ हा उपसर्ग दोन तऱ्हांनी येतो. एक नकाराचा, ज्यातून इंग्रजीत इनकरेक्ट, इनव्हिजिबल असे शब्द आले. दुसरा ‘आत’ या अर्थाचा, जो क्रियापदाला जोरही देतो. मराठीत ‘विफल’मधला ‘वि’ नकार दाखवतो आणि ‘विख्यात’मधला जोर, तसाच हा प्रकार. ‘इन्फ्लामारे’ म्हणजे पेटवणे, यात दुसरा ‘इन’ आहे. त्यावरून आलेला इन्फ्लेमेबल हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्रजीत वापरात आहे. शरीराचा एखादा भाग लाल होतो, सुजतो, त्याची आग होते, त्याला डॉक्टर इन्फ्लमेशन म्हणतात. तो शब्दही याच घराण्यातला.

म्हणजे जुना आणि मूळचा शब्द इन्फ्लेमेबल. फ्लेमेबल एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापील मजकुरात दिसू लागतो, पण पुढची शंभर वर्षं तो फारसा कुणी वापरत नव्हता.

त्याचे दिवस पालटले ते आगीच्या भीतीने. पेट्रोल, सॉल्व्हंट, रंग यांची ने-आण वाढली आणि पिंपांवरच्या सूचना भाषेचे बारकावे ठाऊक नसलेले लोकही वाचू लागले. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920च्या दशकात फ्लेमेबल हाच शब्द वापरावा असा आग्रह धरला. शब्दामुळे माणूस कसा फसतो, हे त्या काळात आगविमा कंपनीत काम करणाऱ्या बेंजामिन ली व्होर्फ यांनीही टिपलं होतं. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागत. ‘रिकाम्या’ पिंपांजवळ मात्र बिनधास्त सिगारेट ओढत. खरं तर रिकाम्या पिंपात स्फोटक वाफ उरलेली असते, म्हणून धोका तिथेच जास्त. हेच व्होर्फ पुढे भाषाशास्त्रज्ञ म्हणून नावाजले गेले.

पुढे कायद्यानेही नवा शब्द उचलला. ब्रश केलेल्या, म्हणजे लव उभी केलेल्या, रेयॉनचे स्वेटर आणि मुलांचे काउबॉयचे पोशाख क्षणात भडकून माणसं होरपळली, तेव्हा अमेरिकेत 1953मध्ये कापडासंबंधी कायदा झाला. त्याच्या नावातच फ्लेमेबल आहे. ब्रिटनमध्ये मानकं ठरवणाऱ्या ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही 1959मध्ये, संदिग्धता टाळण्यासाठी फ्लेमेबल आणि नॉन-फ्लेमेबल ही जोडीच वापरावी असं धोरण सांगितलं.

व्युत्पत्तीच्या अभिमान्यांना हा बदल रुचला नाही. इन्फ्लेमेबल मुळात बरोबर असताना तो का टाकायचा, हा त्यांचा सवाल चुकीचाही नव्हता. तरीही मला आगप्रतिबंधवाल्यांचीच बाजू पटते. सूचनेचा शब्द घाईत, अंधारात, परक्या भाषेतही कळला पाहिजे. तिथे शुद्धतेपेक्षा जीव मोठा. इन्फ्लेमेबल आजही शब्दकोशात आहे, चूक नाही. भडक स्वभाव, स्फोटक परिस्थिती अशा लाक्षणिक वापरात तो शोभतोही. लेबलवर मात्र फ्लेमेबलच लिहावं.

खरा फरक पाहायचा तर तो फ्लेमेबल आणि कम्बस्टिबल (जळू शकणारं, पण तितक्या चटकन नाही) या जोडीत होता. द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते त्या किमान तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. अमेरिकेच्या जुन्या नियमांत तो 37.8 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर द्रव फ्लेमेबल, त्याच्यावर असेल तर कम्बस्टिबल. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे 40 अंशांच्या आसपास असल्याने ते पहिल्या गटात, डिझेल दुसऱ्या. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक वर्गीकरणात 93 अंशांपर्यंतचे द्रव फ्लेमेबलच मानले जातात आणि 2012मध्ये अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांनीही तीच मर्यादा स्वीकारली. त्यामुळे जुन्या पुस्तकात कम्बस्टिबल म्हणून नोंदलेलं डिझेल नव्या सुरक्षा-माहितीपत्रकात फ्लेमेबल दिसलं, तर ती छपाईची चूक समजू नये.