वयाची साठी की गादीची?

आपल्या मराठी घरांत साठीशांत, पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन हे सगळं जन्मतारखेवरून ठरतं. राजाच्या रौप्य, सुवर्ण किंवा हीरक महोत्सवाला मात्र त्याचं वय कोणी विचारत नाही. गादीवर २५, ५० की ६० वर्षं झाली, एवढंच बघतात. दोन्हीकडे साठीच असली की गल्लत ठरलेलीच.

वडोदऱ्यात राहून सयाजीराव महाराजांशिवाय दुसरं उदाहरण कशाला हवं? जन्म ११ मार्च १८६३ चा, म्हणजे वयाची साठी १९२३ मध्येच उलटली. हीरक महोत्सव झाला जानेवारी १९३६ मध्ये, महाराज ७२ वर्षांचे असताना. कवळाण्याच्या या मुलाला दत्तक घेऊन १८७५ मध्ये, बाराव्या वर्षी, गादीवर बसवलं होतं. तिथून ६० वर्षं मोजली. त्या निमित्तानं महाराजांनी खेड्यांच्या सुधारणेसाठी एक कोटी रुपयांचा निधी काढला. समारंभ असावा तर असा!

पण गादीची मोजणी तरी एक कुठे असते? बारा वर्षांचा राजा शिकत होता, कारभार दिवाण टी. माधवराव बघत होते. पूर्ण अधिकार हातात आले २८ डिसेंबर १८८१ रोजी. आता खंडेराव मार्केट आठवा, जिथे आज महापालिकेचं कार्यालय आहे. ती रौप्यमहोत्सवाची वास्तू, १९०६-०७ ची. गादीवर बसल्यापासून मोजलं तर २५ वर्षं १९०० मध्येच झाली होती. ही पंचविशी प्रत्यक्ष राज्यकारभाराची. म्हणूनच रौप्य आणि हीरक यांत ३५ वर्षं हवीत, तिथे एकोणतीसेकच भरतात.

धर्मगुरूंमध्ये इस्माइली मुस्लिमांचे तिसरे आगाखान राजांच्या वळणावर गेले. १८८५ मध्ये, सातव्या वर्षी ते इमाम झाले. मुंबईत १९३६ मध्ये त्यांची सोन्यानं तुला झाली, १९४६ मध्ये हिऱ्यांनी. दोन्ही वेळा मोजली ती इमामपदाची वर्षं.

इथून जवळच्या चाणसदचे प्रमुखस्वामी महाराज १९५० पासून २०१६ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, बीएपीएस या स्वामिनारायण संस्थेचे अध्यक्ष होते. तरी अहमदाबादेत २०२२ मध्ये सुरू झालेला शताब्दी महोत्सव त्यांच्या १९२१ च्या जन्मावरून. दलाई लामांचंही तसंच. १९४० मध्ये ते गादीवर बसले, म्हणजे २०२५ पर्यंत पदाची ८५ वर्षं झाली. पण गाजावाजा झाला तो वयाच्या नव्वदीचा.