पार्श्वभूमी : पाण्यातलं नायट्रेट, गुलाबी रंगापासून इलेक्ट्रोडपर्यंत

नायट्रेटला ना रंग, ना वास. तुरटी फिरवून ते जात नाही. पाणी उकळलं तर आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाचे डॉ. हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिणारी तान्ही बाळं निळी का पडतात, ते दाखवून दिलं. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि मग रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. आपल्याकडे मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्यात सवलत नाही.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटची समस्या गंभीर असलेल्या जिल्ह्यांत वर्धा, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ आहेत. कारण शोधायला लांब जायला नको. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, फेकलेला युरिया पावसासोबत खाली मुरतो, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडा असतोच.

मोजायची जुनी रीत पीटर ग्रीस यांची, १८७९ ची. गृहस्थ नोकरीला बिअरच्या कारखान्यात! त्यांची रसायनं घातली आणि पाण्यात नायट्राइट असलं, की पाणी गुलाबी होतं. नायट्रेट मोजायचं तर आधी जस्त किंवा कॅडमियमने त्याचं नायट्राइट करायचं. गावच्या किटमध्ये आजही असाच रंग पट्टीशी जुळवतात. पण फिका गुलाबी आणि जरा गडद गुलाबी यांतला फरक भर उन्हात बोरिंगजवळ उभं राहून सांगून पाहा.

विजेने मोजायची वाट १९२२ मध्ये प्रागच्या यारोस्लाव हेरॉव्स्कींनी पाऱ्याच्या थेंबावर उघडली; त्यासाठी १९५९ चं नोबेल मिळालं. १९६० च्या दशकात नायट्रेट ओळखणाऱ्या पडद्याचा इलेक्ट्रोड, म्हणजे पाण्यात बुडवायची विजेची कांडी, आला. नायट्रेट दहापट झालं की त्याचा विद्युतदाब साधारण ५९ मिलिव्होल्टने बदलतो. म्हणजे ४५ आणि ५० मिलिग्रॅममधला फरक जेमतेम पावणेतीन मिलिव्होल्ट! इलेक्ट्रोड जरा सरकला, पाणी जरा तापलं, तरी एवढा फरक पडतो.

खरी पंचाईत विदर्भातल्या पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात. तिथल्या पाण्यात क्लोराइड (मिठाचा एक घटक) भरपूर, आणि हा पडदा क्लोराइडलाही थोडीफार दाद देतो. मीठ जास्त असलं की आकडा फुगतो. प्रयोगशाळेत सिल्व्हर सल्फेट घालून क्लोराइड खाली बसवतात, पण दर नमुन्याला चांदीचं मीठ कोणत्या ग्रामपंचायतीला परवडणार? म्हणून तांब्याच्या इलेक्ट्रोडवर नायट्रेट थेट मोजायचे प्रयत्न चालतात. त्यातही अडचण आहेच: पाण्यात विरघळलेला प्राणवायू मध्ये येतो, आणि खारं पाणी तांबंही खातं.