सॉफ्टवेअरचा ऊर्जावापर आणि कोल्हापूर

सॉफ्टवेअर स्वतः वीज खात नाही. ते यंत्राला किती राबवते यावर विजेचा आकडा ठरतो. समोरच्या संगणकासोबत नेटवर्क आणि दूरची डेटा सेंटर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या आणि प्रक्रिया करणाऱ्या संगणकांची केंद्रेही, या हिशोबात येतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांना सुमारे 415 टेरावॉट-तास, म्हणजे जागतिक वापराच्या दीड टक्का वीज लागली.

मोजणी सोपी आहे. सॉकेट आणि संगणक यांच्यामध्ये मीटर लावून ठरलेले काम वारंवार करवून घेतात आणि रिकाम्या संगणकाचा वापर त्यातून वजा करतात. हमखास सापडणारा दोष असा, की प्रोग्रॅम इशाऱ्याची वाट न पाहता सेकंदाला कितीदा तरी ‘काम आले का?’ असे विचारत बसतो आणि प्रोसेसरचा डोळा लागू देत नाही.

कोल्हापुरात मात्र एवढ्यावर हिशोब संपत नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, एक टन लोखंड विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवायला साधारण 600 युनिट लागतात. साच्यात धातू कसा भरेल, पोकळी कुठे राहील, हे सिम्युलेशनने, म्हणजे संगणकावरच्या आभासी चाचणीने, आधी पाहता येते. 200 वॉटचा संगणक त्यासाठी रात्रीचे दहा तास चालला तरी खर्च दोन युनिटांचा. रिजेक्ट झालेले कास्टिंग (ओतीव भाग) पुन्हा भट्टीत टाकण्यापेक्षा हा सौदा कधीही परवडणारा.

खरे नुकसान दुसरीकडे आहे. संगणकामुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा, लॅपटॉपच्या बाबतीत तर बहुतांश, तो बनतानाच होऊन गेलेला असतो. दूध संस्थेतल्या संगणकाचे काम सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट नोंदवून बिल काढण्याचे. ते वर्षानुवर्षे तसेच आहे. पण विंडोज 10 साठीचा मोफत सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11 ला चालत नाहीत. धडधाकट यंत्र अशा रीतीने भंगारात निघते. जर्मनीच्या ‘ब्लू एंजल’ या पर्यावरणस्नेही उत्पादनांच्या चिन्हाने 2020 मध्ये सॉफ्टवेअरसाठी निकष ठरवले, त्यात पाच वर्षे जुन्या संगणकावरही ते चालले पाहिजे अशी अट आहे. 2022 मध्ये ‘ओक्युलर’ या पीडीएफ वाचकाला हे चिन्ह सर्वप्रथम मिळाले.

जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवता येते. मात्र संस्थेचा बिलाचा प्रोग्रॅम केवळ विंडोजसाठी लिहिलेला असला, की तिथेच घोडे पेंड खाते.