आधी शरीर निवू द्या, मग बोला

आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांना आम्ही सुरुवातीला भांडणाचं कारण विचारत नाही. आवाज चढण्याआधी अंगात काय होतं, ते विचारतो. छातीत धडधडतं? जबडा आवळला जातो? तळहात गार पडतात? की सगळं बधिर होऊन तोंडातून शब्दच फुटत नाही? पुष्कळांनी याकडे कधी लक्षच दिलेलं नसतं.

हे घडवून आणते आपली स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे हृदयाचे ठोके, श्वास अशा गोष्टी आपल्या नकळत सांभाळणारी यंत्रणा. धोक्याची चाहूल लागली की अॅड्रेनॅलिन स्रवतं, हृदयाचे ठोके वाढतात, शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. धोका खरा आहे की जोडीदाराच्या तुटक स्वराने जुनी जखम उघडी पडली आहे, हे तपासायला ती थांबत नाही. लहानपण धास्तीत गेलेल्या माणसाचं शरीर तर थोडक्या कारणानेही पेटू शकतं. म्हणून ‘एवढ्याशा गोष्टीवरून काय चिडतेस?’ असं विचारून कोणी शांत होत नाही.

जोडप्यांच्या वादांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात की, ठोके मिनिटाला १००च्या वर गेले की समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरणं अवघड होतं. अशा वेळी निदान २० मिनिटं थांबावं. मात्र न बोलता उठून जाऊ नका. मागे राहिलेल्याला ते टाकून दिल्यासारखं वाटतं. ‘मला आत्ता सुचत नाहीये, अर्ध्या तासाने बोलू’ असं सांगा आणि खरोखर परत या. मधल्या वेळात मनातल्या मनात उत्तरं घोळवत बसलात तर शरीर तापलेलंच राहील. त्यापेक्षा चाला, किंवा श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हचा, म्हणजे मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या आणि शरीर शांत करणाऱ्या नसेचा, प्रभाव वाढतो आणि ठोके मंदावतात.

जवळच्या माणसाचा आधारही शरीराला कळतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विवाहित स्त्रियांना विजेचा झटका बसू शकतो असं सांगितलं होतं. नवऱ्याचा हात हातात असताना त्यांच्या मेंदूतली धोक्याची प्रतिक्रिया कमी झाली. नातं जितकं समाधानाचं, तितका हा परिणाम ठळक होता.

घरात मारहाण होत असेल, तर यातलं काहीही पुरेसं नाही. तिथे आधी सुरक्षितता. आमच्याकडे वेळ घेताना फोनवर तसं स्पष्ट सांगा. छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. जोडीदार यायला तयार नसेल, तरी पहिल्या सत्राला एकट्याने आलात तर चालेल.