डस्ट शील्ड आणि बॅकिंग प्लेट : जुन्या गाडीचा कोणता पत्रा काढून ठेवता येतो?

जुन्या पिकअपचे चाक उतरवले की पुढच्या डिस्कच्या मागे आणि मागच्या ड्रमच्या मागे, दोन्हीकडे गंजलेला गोल पत्राच नजरेस पडतो. नाशिकमध्ये द्वारका चौकापासून आडगाव नाक्यापर्यंतच्या गॅरेजांत ब्रेकच्या कामासाठी अशी गाडी आली की हा कुजलेला पत्रा पुन्हा बसवायचा की काढून ठेवायचा, हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर देण्यापूर्वी हातातला पत्रा नेमका कोणता आहे हे पाहणे आवश्यक आहे, कारण पुढच्या पत्र्यावर ब्रेकचा कोणताही भार नसतो, तर मागच्या पत्र्यावर अख्खा ब्रेक उभा असतो.

पुढची डस्ट शील्ड ही पातळ पत्र्याची ढाल असते आणि ती सहसा तीन लहान बोल्टांनी स्टब अ‍ॅक्सलच्या नकलवर (चाक आणि ब्रेक धरणाऱ्या भागावर) बसवलेली असते. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), पॅड किंवा डिस्क यांपैकी काहीही तिच्या आधाराने राहत नाही, त्यामुळे ती नसली तरी गाडी थांबते, आणि म्हणूनच ती बिनकामाची आहे असा समज रूढ झाला आहे. तो समज चुकीचा आहे. डिस्कची बाहेरची बाजू चाकाच्या रिमने बरीचशी झाकलेली असते, पण आतली बाजू रस्त्याकडे उघडी असते. तेथे येणारे पाणी, खडी आणि चिखल अडवणारी एकमेव वस्तू म्हणजे ही ढाल. ती नसेल तर पावसात पहिल्यांदा ब्रेक दाबताना डिस्कवरचे पाणी निपटून जाईपर्यंत क्षणभर पकड उशिरा मिळते, आणि खडीचे बारीक कण पॅड व डिस्क यांच्यामध्ये सापडून आतल्या पृष्ठभागावर चरे पाडतात. शिवाय तापलेल्या डिस्कची धग ही ढाल काही प्रमाणात अडवते, त्यामुळे जवळच असलेल्या बॉल जॉइंटच्या आणि टाय रॉडच्या रबरी टोप्या लवकर कडक होऊन फाटत नाहीत. टोपी फाटली की ग्रीस बाहेर येते, माती आत जाते आणि स्टिअरिंगमध्ये खेळ येतो; मात्र हे नुकसान दिसायला इतके महिने लागतात की त्याचा संबंध काढून टाकलेल्या पत्र्याशी क्वचितच कोणी जोडतो.

नाशिकच्या परिसरात ही ढाल विशेष महत्त्वाची आहे. निफाड आणि दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतून माल भरणारा पिकअप डांबरी रस्त्यापेक्षा शिवाररस्त्यावर अधिक झिजतो, आणि तेथील काळ्या मातीचा चिखल ओला असताना चिकटतो व वाळल्यावर घट्ट धरून बसतो. इगतपुरीकडे तर पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जुन्या महामार्गाने मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला त्याच पावसातून कसारा घाट उतरावा लागतो.

पत्रा काढला की डिस्क थंड राहते आणि घाटात ब्रेक तापत नाहीत, असा युक्तिवाद चालकांकडून वारंवार ऐकू येतो. शर्यतीच्या गाड्यांवरून शील्ड काढतात हे खरे, पण तेथे तिच्या जागी डिस्ककडे हवा नेणारी स्वतंत्र नळी बसवलेली असते आणि शर्यतीचा रस्ता चिखलाचा नसतो. भरलेला पिकअप घाटात मंद वेगाने उतरत असताना पत्रा नसल्यामुळे मिळणारी जादा हवा फारशी उपयोगी पडत नाही. तेथे ब्रेक वाचवतो तो खालचा गिअर. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा दंडक आजही तितकाच लागू आहे.

असे असूनही मिस्त्री ही ढाल परत बसवायला नाखूष असतात, त्याचे कारण बसवण्याच्या खटाटोपात आहे. बहुतेक जुन्या पिकअपमध्ये ढाल हबच्या (चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाच्या) मागे अडकलेली असते, त्यामुळे नवी बसवायची तर कॅलिपर खोलून, स्प्लिट पिन काढून, नट उघडून हब बाहेर घ्यावा लागतो. नवी ऑइल सील लागते, दोन्ही बेअरिंग धुऊन ग्रीस भरावे लागते आणि नट कंपनीने सांगितल्याप्रमाणे बसवून बेअरिंगचा खेळ जुळवावा लागतो. हे टाळण्यासाठी पत्रा कात्रीने कापून काढला जातो. माझ्या मते यातील व्यवहार्य मार्ग असा, की केवळ ढालीसाठी हब उघडू नये, पण बेअरिंगच्या किंवा डिस्कच्या कामासाठी हब उघडलाच असेल तर ढाल बसवल्याशिवाय तो बंद करू नये. तोवर सैल झालेला, डिस्कला घासून किरकिरणारा पत्रा मात्र काढलेलाच बरा, कारण तो तुटून डिस्कमध्ये अडकण्याची भीती असते. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा लवकर झिजत असेल तर सगळा दोष ढालीच्या अभावाला देऊ नये. कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम झाल्या तरी हाच परिणाम दिसतो, म्हणून आधी त्या तपासाव्यात.

आता मागची बॅकिंग प्लेट. ही जाड, दाबून घडवलेली प्लेट अ‍ॅक्सलच्या फ्लँजला बोल्टांनी आवळलेली असते. शू बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर तिच्यावरच बसतो, ड्रमला आतून घासणारे ब्रेक शू तिच्यावरच धरलेले असतात आणि हँडब्रेकची केबल तिच्यातूनच आत जाते. ब्रेक दाबल्यावर शू ड्रमबरोबर फिरू पाहतात. त्यांना अडवून तो जोर अ‍ॅक्सलवर उतरवण्याचे काम हीच प्लेट करते. त्यामुळे ती काढून गाडी चालवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. धूळ अडवणे हे तिचे दुय्यम काम आहे. कुजलेली प्लेट वेल्डिंगने जोडून चालवण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही, कारण उष्णतेने प्लेट वाकते, शू तिरके बसतात आणि शूवरचे लायनर एका कडेने झिजते. अशी प्लेट बदलावीच लागते, मग त्यासाठी गाडीच्या रचनेनुसार अ‍ॅक्सल शाफ्ट काढावा लागो किंवा हब.

प्लेट जागेवर असूनही दोन गोष्टी दुर्लक्षित राहतात. शूच्या कडा जिथे टेकतात तिथे प्लेटवर थोडे उंचवटे असतात. वर्षानुवर्षे घासून त्यांत खाच पडली की शू तिथे अडकतो, ब्रेक सोडल्यावर मागे येत नाही आणि ड्रम तापतो. हे उंचवटे बोटाने चाचपून पाहावेत, साफ करावेत आणि त्यांवर उष्णता सोसणारे ब्रेकचे ग्रीस अगदी पातळ लावावे, कारण जास्त लावलेले ग्रीस लायनरवर उतरते. दुसरी गोष्ट म्हणजे अ‍ॅडजस्टरच्या भोकावरचे रबरी बूच. ब्रेक सेट करताना ते काढले जाते आणि परत लावले जात नाही, आणि काळ्या मातीचा चिखल नेमका याच भोकातून ड्रममध्ये शिरतो. प्लेटच्या खालच्या कडेला ओल दिसली तर तीही नीट पाहावी: पातळ द्रव असेल तर व्हील सिलिंडर गळत आहे, आणि दाट, उग्र वासाचे तेल असेल तर अ‍ॅक्सलची सील गेली आहे.

हवेच्या ब्रेकच्या मोठ्या ट्रकबाबत मागची प्लेट काढता येत नाही हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. तेथे ब्रेक शू आणि ते फाकवणाऱ्या एस कॅमचा भार स्पायडर नावाच्या भक्कम भागावर असतो, आणि ड्रममागचा पत्रा हे सहसा दोन अर्ध्या भागांचे निव्वळ झाकण असते. म्हणजे पत्रा ड्रममागे असला तरी काम ढालीचेच करतो आणि काढता येतो. लायनर डोळ्यांनी पाहता यावे म्हणून काही मालक ते झाकण मुद्दाम लावत नाहीत. ज्या देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात तेथे झाकणाच्या आत साचणारी खारट ओल शू गंजवते, त्यामुळे तेथे या निर्णयाला आणखी आधार मिळतो. आपल्याकडे ते कारण लागू होत नाही. उन्हाळ्यात केवळ महामार्गावर धावणाऱ्या ट्रकला झाकण नसले तरी चालेल, परंतु पावसाळ्यात शेतमाल आणि वाळू वाहणाऱ्या ट्रकला ते मृगापूर्वी बसवावे, आणि लायनर पाहण्यासाठी त्यात ठेवलेल्या भोकांची रबरी बुचे जागेवर असल्याची खात्री करावी.

कोणताही पत्रा काढताना आत साठलेली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये; जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास गंभीर आजार होतात. धूळ ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. काम झाल्यावर चाक जॅकवर असतानाच हाताने पूर्ण फिरवून कान द्यावा, आणि पत्रा कोठे घासत असेल तर त्याच वेळी हाताने थोडा मागे वाकवावा.